चष्म्याचा नंबर आणि डोळ्याची कांच

आपल्या घरांतून चष्मा ही आतां नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. आजोबांचा चष्मा, काकांची चाळिशी, वहिनींचा चष्मा आणि चौथींत जाणाऱ्या नातवंडाचाही चष्मा रात्रीं एकाच फडताळांत शेजारीं शेजारीं विसावलेले असतात. शाळा सुरू होण्यापूर्वीं मुलांचे नंबर तपासून आणणें हें दप्तरें-पुस्तकांच्या खरेदीइतकेंच नेमाचें काम होऊन बसलें आहे. नंबर वाढला, कांचा बदलल्या, काम संपलें. बहुतेक मुलांच्या बाबतींत तें खरोखरच तेथें संपतें. परंतु कांहीं थोड्या मुलांचा नंबर ज्या कारणानें वाढतो तें कारणच निराळें असतें; आणि अशा मुलास दर सहा महिन्यांनीं नव्या कांचा घालून देणें म्हणजे भिंतीला तडा जात असतां वरून रंगाचे हात देत बसणें होय. हीं थोडीं मुलें कशीं ओळखावींत, आणि ओळखल्यावर त्यांच्यासाठीं आज काय करतां येतें, हें घरांतील वडील मंडळींस ठाऊक असावें, म्हणून हा लेख.

डोळ्याच्या काळ्या किंवा पिंगट भागास आपण बुबुळ म्हणतों. त्याच्यावर घड्याळाच्या कांचेसारखा एक पारदर्शक पडदा बसविलेला असतो. शास्त्रीय परिभाषेंत त्यास पारपटल म्हणतात; दवाखान्यांत कॉर्निया हा शब्द ऐकूं येईल. बोलतांना मात्र यालाही बुबुळच म्हणण्याचा प्रघात आहे, आणि त्यामुळें ‘बुबुळ बदललें’ म्हणजे डोळ्याचा रंग बदलला अशी समजूत करून घेणारेही भेटतात! हें पारपटल मध्यभागीं सुमारें अर्धा मिलिमीटर जाड असतें, आणि कडेस थोडें अधिक. त्यांत एकही रक्तवाहिनी नाहीं. रक्त असतें तर पारदर्शकपणा कोठून आला असता? त्याला लागणारा प्राणवायु बहुतांशीं बाहेरच्या हवेंतून, अश्रूंच्या पातळ थरांत विरघळून मिळतो. वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या पाठीमागील पडद्यावर नेमकी पाडण्याचें काम डोळ्यांतील भिंग करतें, असें आपण शाळेंत शिकलेलों असतों. तें अर्धवट खरें आहे. डोळ्याची किरण वळविण्याची एकूण शक्ति सुमारें ६० डायॉप्टर धरली, तर त्यांपैकीं सुमारें ४३ एकट्या पारपटलाची असते. म्हणजे नजरेचा मोठा भाग या अर्ध्या मिलिमीटरच्या पडद्याच्या घडणीवर अवलंबून आहे.

लहान मुलांचा साधा ‘मायनस’ नंबर वाढतो तो बहुधा डोळ्याचा गोल लांबीनें वाढल्यामुळें. त्यांत पारपटलाचा दोष फारसा नसतो. दुसरा नंबर असतो तो सिलिंड्रिकल. चेंडूची पाठ सर्व दिशांनीं सारखी वळलेली असते. चमच्याची पाठ उभी एका मानानें वळते आणि आडवी दुसऱ्या मानानें. पारपटल चमच्याच्या पाठीसारखें असेल तर उभ्या आणि आडव्या रेषा एकाच वेळीं स्पष्ट दिसत नाहींत. पुढें इंग्लंडचा राजज्योतिषी झालेला जॉर्ज एअरी याच्या डाव्या डोळ्यांत हा दोष होता, आणि त्यानें १८२५ च्या सुमारास स्वतःसाठीं दंडगोलाकार घासलेलें भिंग करवून घेतलें. आपल्या चष्म्याच्या चिठ्ठीवरचा ‘सिलिंडर’ आणि त्यापुढचा ‘अक्ष’ हे त्या ज्योतिष्याच्या भिंगाचेच वंशज. थोडाबहुत सिलिंडर पुष्कळांच्या डोळ्यांत असतो व तो वर्षानुवर्षें तसाच राहतो. त्याची चिंता करण्याचें कारण नाहीं.

चिंता करावी ती तो स्थिर राहीनासा झाला म्हणजे. बारा-तेरा वर्षांच्या पुढें, वयांत येण्याच्या सुमारास, कांहीं मुलांचें पारपटल मध्यभागाच्या थोडें खालीं पातळ होऊं लागतें. डोळ्याच्या आंतील दाब नेहमींचाच असतो. पण पातळ झालेल्या जागेस तोही सोसत नाहीं, आणि ती जागा हळूहळू पुढें फुगून पारपटलास शंकूचा आकार येतो. या विकारास केरॅटोकोनस म्हणतात. इंग्लंडांतील जॉन नॉटिंगहॅम या वैद्यानें १८५४ सालीं त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून इतर नेत्रविकारांपासून तो वेगळा काढला. बहुधा दोन्ही डोळ्यांना होतो, पण एक डोळा पुढें आणि दुसरा मागें. येथेंच फसगत होते. बरा डोळा सर्व काम चालवून नेतो, मुलगा तक्रार करीत नाहीं, आणि दुसऱ्या डोळ्याची नजर बरीच गेल्यावर, एखादे दिवशीं डोळ्यांत कांहीं जाऊन बरा डोळा मिटावा लागला म्हणजे, सर्वांच्या लक्षांत येतें. म्हणून महिन्यांतून एकदां मुलास भिंतीवरील दिनदर्शिका प्रथम उजवा डोळा झांकून आणि मग डावा झांकून वाचावयास सांगावें. खर्च कांहीं नाहीं, वेळ दोन मिनिटें.

या विकाराचीं घरांत दिसणारीं लक्षणें अशीं: सिलिंडरचा नंबर दर खेपेस वाढतो आणि त्याचा अक्षही बदलतो, नवा चष्मा लावूनही फळ्यावरचें अक्षर पूर्वीइतकें स्वच्छ येत नाहीं, रात्रीं दिव्यांभोंवतीं किरणांच्या शेपट्या दिसतात, एकच डोळा उघडा ठेवून संकष्टीच्या चंद्राकडे पाहिलें तर त्याला लागून दुसरा, कधीं तिसरा फिकट चंद्र दिसतो. मूल असें सांगूं लागलें तर घरांत हंशा पिकतो. तो पिकूं देऊं नये.

आणि एक लक्षण इतकें ओळखीचें आहे कीं त्याला कोणी लक्षण समजतच नाहीं. तें म्हणजे डोळे चोळणें. उन्हाळ्याच्या तोंडाला किंवा धुळीनें ज्या मुलांचे डोळे लाल होऊन खाजतात, तीं मुलें मुठीच्या सांध्यांनीं डोळे अक्षरशः मळून काढतात. पातळ होऊं पाहणाऱ्या पारपटलावर हा मारा वर्षानुवर्षें झाला तर शंकु वाढण्यास तो मोठाच हातभार लावतो, याविषयीं नेत्रवैद्यांत आज बहुतेक एकमत आहे. ‘चोळूं नको’ असें दिवसांतून दहा वेळां ओरडून उपयोग नाहीं, कारण खाज हा मुलाचा अपराध नव्हे. थंड पाण्यांत भिजवून पिळलेल्या स्वच्छ कापडाची घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावी आणि खाजेवरील थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. मात्र गेल्या वर्षींची चिठ्ठी दाखवून औषधांच्या दुकानांतून तेच थेंब पुनः पुनः आणण्याची जी संवय आपल्या घरांतून आहे ती फार घातक आहे. त्या थेंबांत पुष्कळदां स्टेरॉइड असतें. त्यानें खाज जादूसारखी थांबते, आणि महिनोन्‌महिने घातल्यास डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदु होतो. एक रोग टाळतां टाळतां दुसरा, आणि तो कायमचा, पदरांत पडतो.

हा विकार आपल्याकडे कितपत आहे? अमेरिकेंतील एका जुन्या पाहणींत दर दोन हजारांत सुमारें एक असें प्रमाण निघालें होतें आणि पुष्कळ वर्षें तेंच सर्वत्र सांगितलें जाई. नागपूरजवळच्या खेड्यांतून तीस वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक माणसांचे डोळे तपासून २००९ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला, त्यांत हें प्रमाण शेंकडा २.३ आलें. पारपटलाची वक्रता ४८ डायॉप्टर किंवा अधिक एवढीच कसोटी त्या पाहणींत लावलेली होती, त्यामुळें दोन्ही आंकडे एकमेकांशेजारीं ठेवून थेट तुलना करणें रास्त नव्हे. तरीपण ‘असला रोग आपल्याकडे कोठें असतो’ असें म्हणण्यास आतां जागा उरलेली नाहीं. भावंडांपैकीं एकास हा विकार असल्यास बाकीच्यांचीही तपासणी करून घ्यावी हें ओघानेंच आलें.

तपासणीची मूळ कल्पना मोठी गमतीची आहे. पोर्तुगालमधील प्लासिदो या वैद्यानें १८८० च्या सुमारास एका तबकडीवर काळीं-पांढरीं समकेंद्र वर्तुळें काढलीं, मध्यें छिद्र ठेवलें, आणि त्यांतून रोग्याच्या डोळ्यांत पडलेलें त्या वर्तुळांचें प्रतिबिंब पाहिलें. पारपटल सारखें असेल तर वर्तुळें सारखीं. वेडेंवांकडें असेल तर तींही तशींच. आजचीं यंत्रें हेंच काम संगणकाच्या साह्यानें करतात आणि पारपटलाच्या पुढच्या व मागच्या पृष्ठभागाचा चढउतार व जागोजागची जाडी रंगीत नकाशावर उतरवून देतात. यास टोपोग्राफी किंवा टोमोग्राफी म्हणतात. डोळ्यास कांहीं लावावें लागत नाहीं, दुखत नाहीं, कांहीं मिनिटांत होतें. चष्म्याच्या दुकानांतील नंबर काढण्याच्या यंत्रावर हा विकार आरंभीं सांपडेलच असें नाहीं. तेथें केवळ सिलिंडर वाढलेला दिसतो आणि त्याप्रमाणें कांच घासून मिळते. दुकानदाराचा त्यांत दोष नाहीं. सिलिंडर लागोपाठ दोनदां वाढल्यास नेत्रवैद्याकडे जाऊन हा नकाशा काढून मागणें, हें काम घरच्या माणसांचें आहे.

नकाशाची एवढी निकड कां, असें कोणी विचारील. तीस वर्षांपूर्वीं तो काढून फारसें साधलें नसतें. शंकु वाढत जाई आणि वैद्य पाहत राही. पस्तिशीच्या सुमारास बहुधा तो आपोआप थांबे, कारण वयोमानानें पारपटलाचे तंतु एकमेकांस अधिक घट्ट बांधले जातात. पण तोंवर नजरेचें व्हावयाचें तें नुकसान होऊन गेलेलें असे. हीच वयोमानाची घट्ट बांधणी तरुणपणींच घडवून आणतां येईल काय, असा प्रश्न जर्मनींतील ड्रेस्डेन येथें थिओ सायलर, एबरहार्ड श्पोर्ल आणि ग्रेगोर वोलेन्झाक यांनीं हातीं घेतला. त्यांनीं काढलेली युक्ति अशी: पारपटलावरील अगदीं वरची पातळ साल बाजूस सारावयाची, ब-२ जीवनसत्त्वाचे पिंवळे थेंब अर्धा तास घालून तें आंत मुरूं द्यावयाचें, आणि मग सुमारें ३७० नॅनोमीटर लांबीच्या अतिनील किरणांचा सौम्य झोत अर्धा तास धरावयाचा. किरण आणि जीवनसत्त्व यांच्या क्रियेनें तंतूंमध्यें नवे बंध निर्माण होतात व पारपटल ताठर बनतें. २००३ सालीं त्यांनीं २२ रुग्णांच्या २३ डोळ्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या सर्व डोळ्यांत शंकूची वाढ थांबली होती. या उपचारास क्रॉस-लिंकिंग असें नांव आहे. अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें २०१६ सालीं त्यास मान्यता दिली, आणि आज आपल्या मोठ्या शहरांतून तो सर्रास होतो. वेळ वांचविण्यासाठीं किरणांची तीव्रता वाढवून थोड्या मिनिटांत आटोपणारे प्रकारही निघाले आहेत.

मुलांमध्यें वाट पाहावी कीं लगेच करावें, याचें उत्तर इंग्लंडमध्यें झालेल्या आणि २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानें दिलें. १० ते १६ वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एकास हा उपचार दिला, दुसऱ्यास केवळ चष्मा व लेन्स. दीड वर्षानंतर पाहिलें तों, उपचार न केलेल्यांपैकीं शेंकडा ४३ मुलांचा विकार पुढें सरकला होता. उपचार केलेल्यांपैकीं शेंकडा ७ मुलांचा.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवली पाहिजे, नाहींतर मागाहून डॉक्टरांशीं वाद होतात. क्रॉस-लिंकिंगनें चष्मा जात नाहीं. तें वाढ थांबविण्यासाठीं आहे, गेलेली नजर परत आणण्यासाठीं नाहीं. थोडाफार आकार सुधारला तर तो वरकड लाभ समजावा. पहिले तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो, पाणी गळतें, उजेड सोसत नाहीं. साल भरून येईपर्यंत डॉक्टर पट्टीसारखी एक मऊ लेन्स घालून ठेवतात. पहिल्या कांहीं आठवड्यांत नजर आणखीच धुरकट होते व मग निवळते. आणि पारपटल फारच पातळ, म्हणजे साधारणपणें ४०० मायक्रॉनहून कमी उरलें असेल, तर नेहमींच्या रीतीनें हा उपचार करतां येत नाहीं. त्यासाठीं निराळ्या खटपटी कराव्या लागतात. वेळेवर जाण्याचें महत्त्व तें हेंच.

वाढ थांबली, आतां दिसावयाचें कसें? सौम्य विकारांत चष्मा पुरतो. पुढच्या पायरीवर लेन्स लागते, आणि येथें बाजारांतील मऊ लेन्स बहुधा कामाची नाहीं, कारण ती वेड्यावांकड्या पारपटलावर त्याच्याच आकाराची होऊन बसते. कडक लेन्स आपला गोल आकार सोडीत नाहीं. तिच्या व शंकूच्या मधली पोकळी अश्रूंनीं भरून निघते आणि किरणांना पुनः एक नितळ, सारखा पृष्ठभाग मिळतो. ही कल्पना फार जुनी आहे. झुरिच येथील अडॉल्फ फिक यानें १८८७-८८ सालीं कांचेच्या वाट्या घासून, त्यांत द्राक्षशर्करेचें पाणी भरून, आधीं सशांच्या, मग स्वतःच्या आणि मग रुग्णांच्या डोळ्यांवर त्या बसविल्या. त्या जड वाट्या अल्पकाळच सोसत. आतां प्राणवायु आंत जाऊं देणाऱ्या कडक लेन्सा मिळतात, आणि त्याही टोंचत असतील तर स्क्लेरल नांवाची मोठी लेन्स मिळते, जी पारपटलास स्पर्श न करतां डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. महाग आहे, घालण्याकाढण्यास आठ-दहा दिवस शिकावें लागतें. परंतु जेथें पूर्वीं शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नव्हतें अशा कित्येकांना तिनें पुनः पुस्तक वाचतें केलें आहे. कोणतीही लेन्स नळाच्या पाण्यानें धुऊं नये व ती घालून स्नान करूं नये. पाण्यांतील अमीबा पारपटलांत शिरला तर त्याची वेदना आणि त्याचा चिवटपणा दोन्ही भयंकर असतात.

आतां एका नाजूक विषयाकडे वळूं. मुलगी उपवर झाली कीं ‘पाहण्याच्या कार्यक्रमापूर्वीं लेझर करून चष्मा घालवूं या’ अशी कुजबूज आजही सुशिक्षित घरांतून ऐकूं येते. हल्लीं मुलांच्या बाबतींतही. चष्म्यामुळें नकार देणारें स्थळ मुळांतच किती स्पृहणीय, हा प्रश्न मी वडील मंडळींवर सोडतों. परंतु या शस्त्रक्रियेंत पारपटलाचा थोडा थर लेझरनें झिजवून त्याचा आकार बदलतात, हें ध्यानांत घ्यावें. निरोगी, पुरेशा जाड पारपटलावर ती उत्तम साधते. ज्यांत शंकूचें बीज आहे अशा पारपटलावर केली तर, आधींच अशक्त असलेली भिंत आणखी पोखरल्यासारखें होऊन तें फुगूं लागतें. याच सायलरनें १९९८ सालीं असे रुग्ण वर्णन करून वैद्यांना सावध केलें होतें. म्हणून वय अठराच्या पुढें, नंबर निदान वर्षभर स्थिर, आणि नकाशा व जाडी निर्दोष, एवढें जुळल्याशिवाय चांगला सर्जन हात लावीत नाहीं. त्यानें ‘नाहीं’ म्हटलें तर दुसरा ‘होय’ म्हणणारा शोधीत हिंडूं नये. आणि लेझरनें दूरचा चष्मा घालविला तरी चाळिशी यावयाची ती येतेच!

शंकु फार वाढून पारपटलावर व्रण पडले, किंवा आंतील पापुद्रा फाटून तें एकाएकीं दुधाळ होऊन गेलें व पुढेंही निवळलें नाहीं, तर उपाय उरतो तो रोपणाचा. यशस्वी रोपणाचा मान मोराव्हियांतील ओलोमोउत्स येथील एडुआर्ड झिर्म यांचा आहे. ७ डिसेंबर १९०५ रोजीं त्यांनीं एका मजुराच्या डोळ्यांवर ही शस्त्रक्रिया केली. त्याचीं दोन्ही पारपटलें चुन्यानें भाजून पांढरीं झालीं होतीं. त्याच सुमारास लोखंडाचा कण घुसून निकामी झालेला एका अकरा वर्षांच्या मुलाचा डोळा काढणें भाग पडलें होतें. त्याच्या पारपटलाच्या चकत्या मजुरास बसविल्या, आणि दोहोंपैकीं एक स्वच्छ राहिली. चुन्याचा हा अपघात शंभर वर्षांपूर्वींच्या मोराव्हियांतच राहिला असता तर बरें होतें. पानाच्या तबकांतली डबी किंवा तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी दाबून लहान मुलांचे डोळे आपल्याकडे अजून भाजतात. तसें झाल्यास क्षणाचाही विलंब न लावतां डोळा उघडा धरून अर्धा तास पाण्याची धार धरावी, चुन्याचे कण दिसत असतील तर ओल्या कापसानें टिपावे, आणि मगच दवाखान्याची वाट धरावी. तूप, दूध, मध कांहीं घालूं नये. शेतांत उंसाचें पान किंवा भाताचें तूस लागून डोळ्यांत बुरशी वाढते व फूल पडतें, तेथेंही घरगुती उपायांनीं वेळ जातो तो पारपटलाच्या मुळावर येतो.

रोपणाचें तंत्र आतां फार सुधारलें आहे. पूर्वीं पारपटलाची पूर्ण जाडीची चकती बदलीत. आतां शंकूच्या विकारांत आंतला निरोगी पेशींचा थर रुग्णाचाच ठेवून केवळ पुढचे थर बदलतां येतात, त्यामुळें शरीरानें परका थर नाकारण्याचा धोका बराच उणावतो. उलट, वयस्कर माणसांत आंतला थरच निकामी होऊन पारपटल सुजलें असेल, तर हॉलंडच्या मेलेस यांच्या पद्धतीनें तेवढा केंसाहून पातळ पापुद्रा आंतून चिकटवितात. टांके जवळ जवळ लागतच नाहींत. टांके घातलेल्या रोपणास मात्र वर्षभर आणि त्याहून अधिक काळ जपावें लागतें. डोळा लाल झाला, उजेड खुपूं लागला, नजर मंदावली, तर ‘उद्यां पाहूं’ न म्हणतां त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा, मग रोपणास दहा वर्षें कां लोटलेलीं असेनात.

परंतु हें सर्व कौशल्य एका गोष्टीवांचून व्यर्थ आहे. पारपटल कारखान्यांत तयार करून सर्वांस पुरवितां येईल अशी सोय अद्याप झालेली नाहीं. तें मृत मनुष्याच्याच डोळ्यांतून घ्यावें लागतें. ओडेसा येथील फिलातोव्ह यांनीं १९३० नंतरच्या दशकांत तें मृतांपासून घेण्याची प्रथा रूढ केली. हिंदुस्थानांतील पहिली नेत्रपेढी १९४५ सालीं मद्रासेस निघाली. दान करणाऱ्यास वयाची अट नाहीं. चष्मा होता, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, मधुमेह किंवा रक्तदाब होता, तरी चालतें. अलर्करोग, कावीळीचे कांहीं प्रकार, एचआयव्ही, रक्तांत पसरलेला जंतुसंसर्ग अथवा रक्ताचा कर्करोग असल्यास मात्र घेत नाहींत. एका व्यक्तीच्या दानानें दोघांना दृष्टि मिळूं शकते. नेत्रपेढीचीं माणसें घरीं येतात, पंधरा-वीस मिनिटांत काम करतात, चेहरा विद्रूप होत नाहीं, आणि कोणाकडूनही पैसा घेतला किंवा दिला जात नाहीं. ‘पुढच्या जन्मीं आंधळेपण येईल’ अशी भीति अजून कोणी बोलून दाखवितो. ज्या परंपरेनें दधीचींस पूज्य मानलें तिच्यांत या भीतीस आधार कोठला, हें मला कळत नाहीं.

अडचण होते ती निराळीच. मृतानें अर्ज भरलेला असतो, पण तो कपाटांत. घरांत शोक, दूरच्या नातलगांना निरोप, सामानाची जमवाजमव. आणि संमति तर जवळच्या नातेवाइकांचीच लागते. सहा तासांची मुदत या गडबडींत निघून जाते. म्हणून ज्यांची इच्छा आहे त्यांनीं ती सर्वांच्या देखत, जेवणाच्या पंक्तींत एकदां बोलून ठेवावी, आणि दूरध्वनि करण्याचें काम एका शांत डोक्याच्या माणसाकडे, मग तो पुतण्या असो कीं धाकटी सून, आधींच सोंपवावें. जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा व दर वर्षीं नव्या दिनदर्शिकेवर उतरवावा. प्रसंग आलाच तर पापण्या नीट मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्या, डोक्याखालीं उशी देऊन डोकें थोडें उंच करावें, पंखा बंद करावा, मृत्यूचा दाखला हाताशीं ठेवावा, आणि माणसें येईपर्यंत कोणीतरी जवळ बसून राहावें.